काय धरून चाललीस?

असं दारातूनच काय डोकावता? या, आत या, जवळ बसा. तिथे खुर्चीवर नको, इथे खाटेवर माझ्याशेजारी. एका कानाने हल्ली कमी ऐकू येतं. किती महिन्यांनी आलात! आणि वर म्हणता, "वेळच मिळाला नाही हो, काकू." म्हणजे काय, वेळ कुणी वाटत होतं आणि तुमच्यापर्यंत येईतो संपला? आमच्या बाई असत्या तर त्यांनी हे वाक्य असं सोडलं नसतं. चष्मा कपाळावर सरकवून, उजव्या हाताच्या बोटाने हवेत एक छोटं गोल काढलं असतं. वहीत चुकलेल्या शब्दाभोवती लाल पेनाने काढतात ना, तसं. आणि म्हटलं असतं, "थांब. यात काय धरून चाललीस?"

बाई आमच्या कुंपणापलीकडच्या. परळहून आम्ही वसईला आलो तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. या गल्लीत आमची एकटीच बिल्डिंग, बाकी सगळ्या वाड्या. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंची केळी, पांढरा चाफा, विहीर आणि घराचा ओटा दिसायचा. बाई गावातल्याच ख्रिस्ती घरातल्या, मराठी शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा कॅनडात. सगळा गाव त्यांना 'बाई' म्हणायचा, म्हणून आम्हीही बाईच म्हणायला लागलो.

पहिल्यांदा ते गोल मी बघितलं ते पाण्यावरून. एका उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगीत पाणी कमी पडायला लागलं. तिसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू कुटुंब आलं होतं, घरात माणसं भरपूर. झालं, सगळ्यांनी ठरवून टाकलं. हे आल्यापासून पाणी गेलं, यांना काढा. मीही पदर खोचून त्यातच. कुंपणाशी उभी राहून बाईंना तावातावाने सांगत होते.

"कधी आले गं ते?" बाईंनी विचारलं.

"मार्च संपता संपता."

"आणि उन्हाळा?"

"तोही तेव्हाच."

बाईंनी हवेत गोल काढलं. "मग उन्हाळ्यालाही एक नोटीस द्या."

चूक दाखवताना त्यांचा आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. त्यामुळे ऐकायला पुढे वाकावं लागायचं, आणि माणूस पुढे वाकला की त्याचा राग थोडा ओसरतोच. मी वर जाऊन तेच वाक्य सगळ्यांना ऐकवलं, माझंच असल्यासारखं. कुणीतरी बिल्डिंगच्या विहिरीत डोकावून बघितलं, तर पाणीच खाली गेलं होतं. नोटीस बारगळली. त्याच घरातल्या वहिनी पुढे मी आजारी पडले तेव्हा रोज भाकऱ्या करून पाठवायच्या.

पण बाईंचं सगळ्यांपुढे चालायचं असं समजू नका. पाचूबंदरहून एक मावशी मासळी घेऊन यायची, तिच्यापुढे नाही. ती टोपली उतरवून म्हणायची, "घे बाय, ताजी हाय. बर्फाला हातपन लावला नाय."

"बर्फ लावला नाही, हे ठीक," बाई म्हणायच्या. "पण म्हणून ताजी, हे कसं? शिळी मासळीही बर्फ न लावता ठेवता येते."

मावशी कमरेवर हात ठेवून उभी. "बाय, तुला मासली घ्यायची तर घे, नको तर नको घेव. पन माझी परीक्षा नको घेव! मी शालेत गेली नाय ती याच्याचसाठी!"

बाई इतक्या हसायच्या की डोळ्यांतून पाणी यायचं. मग मासळी घ्यायच्या, न तपासता.

आता माझी फजिती सांगते. इकडे गावात कुणी गेलं की चर्चची घंटा थांबत थांबत वाजते; एक टोला, मग जरा शांत, मग दुसरा. आम्हाला परळहून आलेल्यांना ते हळूहळू कळलं, आणि कळलं याचा आम्हाला कोण अभिमान! पलीकडच्या आळीत एक म्हातारबाबा होते, तरुणपणी लग्नांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. ते बरेच आजारी होते. एका सकाळी तशी घंटा वाजली. "बाबा गेले," तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "गेलेच," मी म्हणाले. आम्ही चौघीजणी साध्या साड्या नेसून, पांढऱ्या शेवंतीचा हार घेऊन, तोंडं पाडून निघालो. जाऊन बघतो तर बाबा ओट्यावर बसून चहात पाव बुडवून खात होते.

"यावा, यावा," बाबा म्हणाले. मग आमच्या साड्या बघितल्या, हार बघितला. "कोन गेला गो?"

काय सांगणार? आमच्यातली एक रडू आणायच्या तयारीने आली होती, तिला हसू फुटलं. बाबांना सगळं उमगलं. त्यांनी शांतपणे हार घेतला, भिंतीवरच्या मरियामातेच्या तसबिरीला घातला आणि म्हणाले, "माज्या वेलंला ताजा आना हां."

संध्याकाळी मी बाईंच्या ओट्यावर मान खाली घालून बसले. "बाबा आजारी होते, हे खरं," बाई म्हणाल्या. "घंटा वाजली, हेही खरं. पण ही दोन खरी तुम्ही कशाने जोडलीत?" त्या पुढे म्हणाल्या, "दोन खरी शेजारी शेजारी बसली म्हणजे त्यांचं नातं असतंच असं नाही. रिक्षात नाही का आपण कुणाच्याही शेजारी बसत?" असं म्हणून त्यांनी पुढ्यात सुकेळी ठेवली. कुणाला चूक दाखवली की त्या माणसाला काहीतरी खायला द्यायच्याच. सुकेळं माहीत आहे ना, आमच्या इकडचं? पिकलं केळं सोलून, उन्हात वाळवलेलं. गोड, चिवट. तोंडात असलं की बोलता येत नाही. आता वाटतं, त्यासाठीच देत असतील.

माझ्या मुलाला एकदा पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर जायचं होतं. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, "आई, माझे सगळे मित्र जाऊन आलेत, कुणालाच काही झालं नाही." बाई कुंपणापलीकडे चाफ्याची फुलं वेचत होत्या. तिथूनच आवाज आला, खालच्या पट्टीतला. "जे परत आले, त्यांनाच तू विचारलंस ना रे?"

त्या रविवारी तो गेला नाही. पुढच्या वर्षी गेला, पाणी ओसरल्यावर. आणि आल्याबरोबर आधी बाईंना तोंड दाखवून मग घरात आला.

माझं स्वतःचं एक आहे, ते फारसं कुणाला सांगत नाही. माझं शिक्षण सातवी. बाई वर्तमानपत्र वाचून झालं की कुंपणावरून माझ्याकडे द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "अग्रलेख वाचलास?" मी म्हणायचे, "बाई, मी सातवी शिकलेली. मला कुठलं कळायला?" असं बरेचदा झालं. मग एक दिवस त्यांनी गोल काढलं. या वेळी हवेत नाही. माझ्या कपाळासमोर, अगदी जवळ.

"सातवी शिकलीस, हे मला मान्य. कळत नाही, हे मधे कुणी घातलं?"

कुणी घातलं? सासूबाईंनी की मास्तरांनी, की माझं मीच? कित्येक रात्री तो प्रश्न घेऊन झोपले. मग अग्रलेख वाचायला लागले. आधी चार ओळी, मग अर्धा. आज मी चार ओळी लिहिते आणि तुम्ही त्या वाचता ना, ते तिथून आलंय.

तर अशा बाई. साऱ्या गावाच्या बोलण्यातलं मधलं भोक त्यांना दिसायचं. आणि त्यांच्या स्वतःच्या बोलण्यातलं? एक होतं. मला दिसायचं.

मुलगा. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून त्या घाईघाईने घरी यायच्या, कारण त्याचा फोन यायचा. दरवर्षी तो सांगायचा, मे महिन्यात येतो. एप्रिल लागला की बाई त्याची खोली झाडून घ्यायच्या, गाद्या उन्हात टाकायच्या, सुकेळी त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवायच्या. मेमध्ये फोन यायचा. काम, मुलांच्या शाळा, कधी बायकोची नोकरी. गाद्या परत गुंडाळल्या जायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा बाई म्हणायच्या, "यंदा येणार गं तो. येतो म्हणालाय म्हणजे येणार."

एकदा, गाद्या उचलायला मी मदत करत होते. त्यांनी तेच वाक्य म्हटलं आणि माझा हात आपोआप वर गेला. बोटाने गोल काढायला घेतलं. निम्मं निघालं असेल. बाईंनी बघितलं. मला वाटलं, आता रागावणार, किंवा आता रडणार. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "तो एक पेपर मी तपासायला घेत नाही."

आणि गादीचं दुसरं टोक धरून म्हणाल्या, "उचल."

त्यानंतर मी कधी विचारलं नाही. एप्रिल लागला की मीच म्हणायचे, "बाई, गाद्या कधी काढायच्या?" त्यांना तेवढं बरं वाटायचं.

एका वर्षी होळीनंतर त्यांना खोकला लागला. ईस्टर होऊन गेला तरी जाईना. खोली झाडून झाली होती, गाद्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, सोमवारी काढू.

सोमवारी सकाळी मी वाल सोलत बसले होते आणि घंटा वाजली. एक टोला. मग शांत. मग दुसरा. माझ्या हातातला वाल खाली पडला. पण लगेच मीच मला थांबवलं. म्हटलं, काय धरून चाललीस? बाईंना खोकला आहे, हे खरं. घंटा वाजतेय, हेही खरं. पण जोडलीस कशाने? गाव मोठं आहे, म्हातारी माणसं घरोघर आहेत. उठायचं नाही. साडी बदलायची नाही. एवढा नीट विचार आयुष्यात पहिल्यांदा आपला आपण केला याचं मला इतकं समाधान वाटलं की संध्याकाळी बाईंना कसं सांगायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं. वाल सोलून संपवले. मग पाणी प्यायला उठले आणि खिडकीतून बघितलं, तर बाईंच्या ओट्यावर माणसं जमायला लागली होती.

माझ्या विचारात चूक नव्हती. किती वर्षं झाली, मी अजून तपासते, सापडत नाही. पण बाई गेल्या होत्या.

बाईंच्या मुलाला विमान मिळून तो पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. तो ओट्यावर बसला होता, जिथे त्या बसायच्या तिथेच. मी चहा नेऊन दिला.

"काकू, मेचं तिकीट काढून ठेवलं होतं," तो म्हणाला. "खरंच काढलं होतं या वेळी. तिला बोललो नव्हतो. एकदम येऊन उभा राहणार होतो."

"बाई म्हणतच होत्या, यंदा तू येणार," मी म्हटलं.

"दर वर्षी म्हणायची ना?"

"दर वर्षी."

त्याने कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "मी रजेचा विचार केला, तिकिटाचा केला, मुलांच्या परीक्षांचा केला. ती इथे असेल की नाही, याचा कधी…" बोलता बोलता त्याने बोट उचललं. हवेत अर्धं गोल काढलं. आईचंच बोट, तसंच लांबसडक. आणि मग हात खाली घेतला.

मी आत जाऊन सुकेळ्यांचा डबा आणला. त्याच्यासाठी वेगळा काढून ठेवलेला. दोघांनी एक एक तोंडात टाकलं. बोलायचं नव्हतंच.

वाडी त्याने विकली नाही अजून. घराला कुलूप आहे. चाफा फुलतो, फुलं तिथेच पडतात, कुणी वेचत नाही. सकाळी चहा गाळताना मी अजून खिडकीतून आधी ओट्याकडे बघते. कुणी काही विचित्र बोललं, कुणी टीव्हीवर काही ठासून सांगितलं, की वाटतं, कुंपणाशी जावं, तावातावाने सांगावं, आणि पलीकडून खालच्या आवाजात कुणी म्हणावं, थांब. ऐकायला पुढे वाकायची माझ्या मानेला सवय झालीये. वाकते, आणि पलीकडे नुसती केळीची पानं हलतात.

निघालात? बरं. काय म्हणालात, "पुढच्या महिन्यात नक्की येईन"? हे बघा, माझं बोट वर गेलं. तुम्ही कामाचं बघितलंत, सुट्टीचं बघितलंत. त्या वाक्यात अजून कोण बसलंय ते बघितलंत का? पुढचा महिना कशाला, या रविवारीच या. सुकेळी उन्हात घातली आहेत, रविवारपर्यंत होतील. लवकर या हं.