गॅलरीतला जिताडा

दादा गेल्याचं वहिनीनं फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाली, "तूच ये मंदा, मला घर सोडता येत नाही." नवरा गेलेली बाई दुसरं काय सांगणार, असं कुणालाही वाटेल. पण आम्ही चिपळूणची मंडळी हे वाक्य कित्येक वर्षं ऐकत होतो... सणाला, लग्नाला, बारशाला.

माझा थोरला भाऊ माशांच्या शुक्राणूंवर संशोधन करायचा. नातेवाइकांनी विचारलं की आई "कॉलेजात शिकवतो" एवढ्यावर भागवायची. दादाला मात्र त्यात लाजण्यासारखं काही वाटायचं नाही. जेवताना तो रंगात यायचा. जिताडा लहान असताना नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. त्यामुळे अंडी देणारी भलीमोठी मादी मिळाली तरी त्या वेळी नर हाताशी असेलच असं नाही, म्हणून नराचं वीर्य गोठवून ठेवायचं. माशाच्या पोटात शुक्राणू निपचित पडून असतात, पाणी लागलं की जागे होतात आणि थोड्याच वेळात संपतात. त्यांना जाग न येऊ देता सांभाळायचं, हे त्याचं काम. वहिनी आमटी वाढता वाढता कौतुकानं ऐकायची. तेव्हा तरी.

घोडबंदरच्या खाडीवरून आणलेले नमुने तो कॉलेजात, द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवायचा. एका मे महिन्याच्या सुट्टीत कुणी नायट्रोजन भरला नाही, कॅन कोरडा पडला आणि सगळं काम मातीमोल झालं. नव्यानं जमवलेले नमुने घेऊन दादानं कॅन सरळ पूनम सागर सोसायटीतल्या आपल्या घरी आणला. रिक्षावाला वाटभर "साहब, ये फटेगा तो नहीं?" विचारत होता म्हणे. कॅन गॅलरीत बसला. नायट्रोजन सारखा उडून जातो, तो काशीमिऱ्याच्या गोदामातून आणून भरत राहायचा. रोज लाकडी पट्टी आत बुडवून बघायची, जिथवर पांढरं बर्फ चढेल तिथवर नायट्रोजन. कॅन जुना, कधी दगा देईल नेम नाही. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असावं तसं झालं. दोघांनी मिळून बाहेर राहायचं नाही आणि एकट्यानं गेलं तरी एका रात्रीत परतायचं, असं दादानं ठरवून टाकलं. वहिनीला कुणी विचारलं नव्हतं.

पुढे कॉलेजनं प्रकल्प गुंडाळला. खाडीचं पाणीही काळं पडत गेलं. दादाला मासे देणारा कोळी एक दिवस म्हणाला, "मास्तर, आता जिताडा गावत न्हाय." दादा घरी आला आणि चहासुद्धा न घेता पट्टी बुडवून बघत बसला. त्या दिवसापासून दोघं पुरती अडकली. खाडीत जे उरलं नव्हतं ते आपल्या गॅलरीत आहे, असं त्याला वाटायचं.

आई गेली तेव्हा तो एकटाच आला. अग्नी दिला आणि दुसऱ्या दिवशी पिशवी उचलली. मी दारात आडवी उभी राहिले. तेव्हा तो रडत म्हणाला, "आई गेली ती गेली, मंदे. आता हे गेले तर मला परत कुठून मिळणार?" मी बाजूला झाले. मला तेव्हा त्याचा संताप आला होता आणि तो गेल्यावरही संताप येतोच. इतका हुशार माणूस, स्वतःच कडी लावून आत बसला आणि सोबत वहिनीलाही बसवलं.

दादा गेल्यावर तिनं कॉलेजात निरोप पाठवला, पण नमुने न्यायला कुणी आलं नाही. एकदा तिनं स्वतःच रिक्षा करून नायट्रोजन आणून भरला. त्यानंतर भरला नाही. रोज पट्टी बुडवून बघत मात्र होती. एक दिवस पट्टी कोरडी आली, तशी तिनं ती पुसून कोपऱ्यात उभी केली आणि मला फोन केला, "येऊ का गं तुझ्याकडे?"

मागच्या आठवड्यात ती आली. महिनाभर तरी राहा म्हटलं, तर लगेच हो म्हणाली. मला केवढा आनंद झाला. संध्याकाळी तिचे कपडे लावायला पिशवी उघडली, तर आत एक साडी, टॉवेल आणि कंगवा.

"एवढंच?" मी विचारलं.

ती पिशवीकडे बघत राहिली. "भरताना हात थांबला. जास्तीचं भरायची सवयच गेली गं."

मी कपाटातून माझ्या चार साड्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. तिनं त्यातली एकच उचलली.