मला वाचता येत नाही असं समजून

मनीषनगरात एक मॅडम लग्नं जुळवतात. त्यांच्या ऑफिसात मी झाडूपोछा करते, चहा करते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "शाळा शिकलीस का?" चौथी म्हणायची लाज वाटली, मी खाली बघितलं. त्यांना वाटलं अंगठाछाप आहे. "बरंच आहे," त्या म्हणाल्या, "इथं लोकांच्या घरच्या गोष्टी असतात." तेव्हापासून मी पुसत असताना फायली टेबलावर उघड्याच राहायच्या.

मी वाचायची. फडकं हळूहळू फिरवत, एकेक ओळ. कोणाला सांगायचं म्हणून नाही, अक्षर दिसलं की डोळे तिथंच अडकायचे.

कुहीकडच्या एका मुलीच्या फॉर्मवर मॅडमनी लाल पेनानं लिहिलं होतं, पहिलं लग्न तीन महिन्यांत मोडलं, भेटीत वडील स्वतः सांगतील, तोवर बाहेर बोलू नये.

त्याच आठवड्यात पारशिवनीची माझी नणंद घरी आली. तिच्या दिरासाठी तेच स्थळ चाललं होतं. मोबाईलवर फोटो दाखवत होती. मी म्हटलं, "पोरगी चांगली दिसते, ताई."

"तुले काय समजते वं? तू तं लोकायचे कप धुते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कप धुते तिथंच तिचा फॉर्म हाय. एक लग्न मोडलं हाय तिचं."

नणंद मोबाईल ठेवून जवळ सरकली. "काय सांगते! अजून काय लिवलं हाय?" इतक्या वर्षांत तिनं माझं बोलणं असं कधी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं. तेच आठवलं की आता जेवण जात नाही.

चार दिवसांनी मुलीचे वडील ऑफिसात आले. ओरडले नाहीत. "मी सांगणारच होतो, मॅडम. मुलाकडच्यायनं फोनवरच म्हटलं, तुम्ही लपवून राहिले. तुमच्याच ऑफिसातून समजलं म्हणे. कोणाकडून, ते सांगत नाहीत. पोरगी खोलीतून बाहेर येत नाही." मी त्यांच्यापुढं पाणी ठेवलं. ते "हो बाई" म्हणाले.

ते गेल्यावर मॅडमनी टायपिंग करणाऱ्या मुलीला बोलावलं. "इथं वाचणाऱ्या आपण दोघीच. मी तर सांगितलं नाही."

"देवाशप्पथ मॅडम, मी कोणाले नाही बोलली!" ती रडत माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही तरी सांगा नं. मी बोलते का कोणाशी?"

मी ट्रे धरून उभी होते. "मले काय माहीत," म्हटलं आणि कप उचलले. त्याच संध्याकाळी तिचं काम सुटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फायलींच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढं धरली. "तुझ्याजवळच राहू दे. तुझ्याकडून काही भीती नाही."

मी घेतली. नको म्हटलं असतं, तर काहून नको, ते सांगावं लागलं असतं.