तीस विहिरींचं पाणी

जाफराबादच्या माझ्या खोलीसोबत्याएवढा पाणीवेडा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल; झाला असेल तर तो विहिरीतच राहत असणार. कुणाच्याही घरी गेला की हा आधी तांब्या तोंडाला लावणार, डोळे मिटणार आणि यजमानालाच सुनावणार, "खडकातलं हाय, पण औंदा गाळ काढला न्हाई तुम्ही." ह्याच्यापायी दोन घरी आमचा चहा हुकला.

कॉलेजचं पहिलं वर्ष त्यानं नागपूरला मामाकडे काढलं. घरी पत्र लिहायचा त्यात आईबापाची चौकशी सर्वांत शेवटी. आधी मळ्यातल्या विहिरीला किती हात पाणी आहे ते विचारायचा. एका उन्हाळ्यात भावानं 'तळ दिसला' एवढंच कळवलं आणि हा पठ्ठ्या वळकटी बांधून, दाखला काढून औरंगाबादला आमच्या विद्यापीठात हजर! "तिकडं बिलकुल करमत नव्हतं यार," म्हणाला. विषय पर्यावरणाचा. तो शब्द तेव्हा आमच्याच जिभेवर नीट बसत नव्हता, तर राजूरला माझ्या आईला काय कळणार? ती विचारायची, "पाणी काय शिकायचं असतं व्हय?"

त्याचं नागपूरचं वर्ष धरायला सर तयार नव्हते. शेवटी त्यांनी अट घातली: उन्हाळा संपायच्या आत तीस विहिरींचं पाणी आणून तपासायचं. जमलं तर थेट दुसरं वर्ष, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून शिकवायला, खर्च करणारा त्याचा भाऊ बिलकुल राजी नव्हता.

मग काय, औषधांच्या रिकाम्या बाटल्या घेऊन गडी गावोगाव हिंडला. अठ्ठावीस बाटल्या भरून आमच्या राजूरच्या घरी ठेवल्या, आणि उरलेल्या दोन विहिरींसाठी आम्ही दोघं सकाळीच बाहेर पडलो. दुपारी येऊन पाहतो तर अंगणात बाटल्या धुऊन, उपड्या घालून, ओळीनं वाळत ठेवलेल्या! दुष्काळ सोसलेली बाई माझी आई. "हे काय केलंस गं?" मी ओरडलो, तशी कौतुकानं म्हणाली, "पाणी फेकलं न्हाई रे. थेंबन् थेंब रांजणात ओतलाय."

मला रडू यायचं बाकी होतं. हा मात्र रांजणापाशी गेला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "मावशी, लई ग्वाड झालंय." बाहेर येऊन माझा दंड धरला. "तिला सांगायचं न्हाई. बराबर?"

पुन्हा हिंडला बिचारा, पण तोवर अकरा विहिरी आटल्या होत्या. सरांनी जाब विचारला, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "एसटीत फुटल्या, सर. माझीच चूक." बेफिकिरीवर सर दहा मिनिटं बोलले. मी शेजारीच उभा होतो. आईला हसतील, ह्या लाजेनं माझं तोंड उघडलं नाही.

तो जाफराबादला शेतीवर गेला. मी पदवी घेतली, नोकरीला लागलो. आई अधूनमधून विचारायची, "तुझा तो पाणीवाला दोस्त मोठा साहेब झाला असंल न्हाई?" मी हो म्हणायचो. एकदा जाफराबादच्या गाडीत बसलोही होतो, पण भोकरदनलाच उतरलो. त्याच्यासमोर जायची हिंमत झाली नाही. फार आठवण येते त्याची. एक वाक्य बोललो असतो, तर तो माझ्याच बाकावर बसून शिकला असता.