बारा मेंढरांची विहीर

वर्कशॉपच्या कोपऱ्यात भंगार आणि माणसाच्या डोक्यात असले किस्से आपोआप साठतात. भंगार निदान विकता तरी येतं.

आमचं वर्कशॉप विश्रामबागेत. मालक बापू, मिलिटरीतनं रिटायर झालेले. आम्ही विहिरींवर बसवायची लोखंडी जाळीची झाकणं करतो. मापं घ्यायचं काम माझं, कारण मी आयटीआय पास.

*

रहिमतपूरच्या आप्पांनी फोनवर माप दिलं, "सव्वापाच फूट."

"आप्पा, ही त्रिज्या का व्यास?"

"सव्वापाच हाय म्हनलं की."

झाकण घेऊन गेलो, तर विहीर बरोब्बर दुप्पट रुंद. आप्पांनी काठापासून मधल्या पाइपापर्यंतच मोजलं होतं.

"आवं, पलीकडं का न्हाई मोजलं?"

"पलीकडं बी तेवढंच असनार की."

हे मात्र खरं होतं.

*

मग मी स्वतः मोजलं. आतल्या कडेनं गोल टेप फिरवला, तेहतीस फूट. बावीस सप्तमांशानं भागलं, व्यास साडेदहा. झाकण सूतभरही इकडंतिकडं होऊ दिलं नाही. क्रेनवाल्यानं विहिरीच्या तोंडावर अलगद सोडलं. कुठंही न घासता ते आत गेलं आणि तळाला जाऊन बसलं.

आप्पा वाकून बघत म्हणाले, "गनित लय भारी हाय गड्या तुझं."

*

बापूंनी मला समोर उभं केलं.

"बावीस सप्तमांश पेपरात. हितं घेराला तीननं भागायचं. झाकण सहा इंच जास्त हुतंय, त्येच्यावरच ते टेकतंय."

इतक्या वर्षांत त्यांचं एकही झाकण आत पडलं नव्हतं. मला लय लाज वाटली.

"आता एक जरी चुकलं, तर दुसरीकडं काम बघ."

घरात कमावणारा मी एकटाच.

*

पुढचा फोन म्हसवडकडच्या बिरूआबांचा. त्यांच्याकडं टेप नव्हता.

"बारा मेंढरं बसत्यात," आबा म्हणाले. "कडंनं गोल, एकाच्या शेपटाला दुसऱ्याचं तोंड लावून हुबी केली."

फोन स्पीकरवर होता, मला वाटलं बापू हसतील. त्यांनी विचारलं, "कातरल्याली का लोकरीसकट?"

"कातरल्याली," आबांनी सांगितलं.

"मग एक मेंढरू तीन फूट धर. छत्तीस झालं. भागिले तीन. बारा फुटाचं कर," बापू म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

*

झाकण घेऊन निघालो, वाटेत दोनदा थांबून ते पुन्हा मोजलं.

विहिरीजवळ कडुलिंबाला दोरी बांधलेली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला आबांची तीन वर्षांची नात, सोनी.

"ल्योक-सून ऊसतोडीला गेल्यात," आबा म्हणाले. "माझा डोळा लागला तर काय करू, सांग."

लिंबाभोवती तिच्या पावलांनी मातीत गोल रेघ पडली होती. ती विहिरीच्या दोन हात अलीकडंच थांबत होती. मला ती रेघ बघवेना.

क्रेनवाल्यानं झाकण सोडलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते काठावर टेकलेलं होतं. आबा वर चढले, चारी बाजूंनी पाय आपटून बघितले, आणि मग सोनीच्या कमरेची दोरी सोडली.

सोनी रेघेपर्यंत आली आणि उभी राहिली.

"ये गं बाय," आबा म्हणाले. "आता ये."

तेवढ्यात बापूंचा फोन आला.

"बसलं का?"

"बसलं."

"हलतंय का?"

मी मागं वळून बघितलं.

"न्हाई, बापू," मी म्हणालो. "मधोमध सोनी बसलीया."