अळ्या पिकायच्या आधी

त्या साली दिवाळीच्या आधीच विहिरीचा तळ दिसला. अर्धापूरकडं केळी उभ्या वाळून राहिल्या होत्या. आमच्यात अर्धा एकर तुती अन् शेडात रेशमाच्या अळ्या, बास. सासरे म्हनले, "ह्या बारीला कोष चांगले आले तर घरी ऱ्हा पोरीला घेऊन. न्हाई तर दोघं नवरा-बायको ऊसतोडीला जा." पोरगी आठ महिन्याची, आंगावर पिनारी. फडात पाचटावर लेकरं कशी पडतेत ते मी माहेरी लातूरकडं बघितलेलं. मला निस्ती धडकी.

रेशमाच्या हाफिसातले साहेब लई चांगले. मी सातवीतून काढलेली, तरी समजंल असं सांगायचे. अळीच्या डोक्यात एक रस असतो. तो हाय तवर ती कात टाकून परत अळीच होती, निस्ती मोठी. तो आटला की छातीतल्या गाठीतून दुसरा रस सुटतो, अन् एकेका पेशीच्या आत जाऊन सांगतो, खानं बंद, आता बदल. पेशी म्हनल्यावर मला कांद्याचं साल आठवलं, शाळेत काचंवर ठिवून दावलेलं. काही पेशी विरघळून जातेत. काही इतक्या दिस निजलेल्या असतेत, त्या उठतेत अन् त्यायचे पंख होतेत. हे समदं कोषात बसून.

तो दुसरा रस बाटलीत बी भेटायचा. पाला कमी पडला तर पाल्यावर शिंपडायचा, मंग अळ्या एकदम पिकतेत, म्हंजी खानं सोडून कोष करायला लागतेत. पन साहेबानं बजावलं होतं, "शंभरात पाच पिकून पिवळ्या पडू द्या. त्याच्या आधी हात लावायचा न्हाई."

चौथी कात होऊन चारच दिस झालते. एक बी अळी पिवळी न्हाई. अन् सकाळी मला इटाळ आला, बाळंतपनानंतरचा पहिलाच. आमच्यात बाजूला बसलेलीची सावली बी शेडवर पडू देत न्हाईत, चार दिस. पाला दोन दिसाचाच उरलेला. सासूला नीट दिसत न्हाई, हे पान्याच्या टँकरवर, अन् साहेबाला विचारावं तर हिंगोली नवा जिल्हा झालता, साहेबाची बदली तिकडं. कुनाला विचारू? कुनालाच न सांगता शेडात घुसले, बाटली पान्यात कालवली, पाल्यावर शिंपडली, पळत बाहीर. मंग सासूला म्हनलं, "आत्या, मला शिवू नका."

"अगं बया, आत्ताच मुहूर्त लागला का? आता किड्यायचं बाळंतपन मीच करू का?"

मी कोपऱ्यात जाऊन बसले.

दोन दिसानं अळ्या चंद्रिकेवर, कोष करायच्या जाळीवर, चढल्या. आत्या आंगनातून वरडल्या, "आल्या गं, लवकर आल्या!" मी कोपऱ्यात बसून रडले, वाटलं सुटलो.

कोष उतरवले तर कागदावानी पातळ. सासऱ्यानं दोन बोटात एक दाबला, तो बसलाच. आत अळी अर्धी बदललेली, काळी. तसे किती तरी. सासरे उठले अन् कोयते काढून पाजळायला बसले.

आत्या म्हनल्या, "माझंच चुकलं गं. मला दिसत न्हाई, वला पाला पडला असंल माझ्या हातून, त्यानंच अळ्या बिघडल्या." लई रडल्या. मी तोंड उघडलं न्हाई. शेडात गेल्ते म्हनलं असतं, तर घरात ठिवलं असतं का मला?

निघायच्या दिशी आत्यानं पोरीला माझ्या कडंवरून घेतलं. "हिला फडात नको नेऊ. मी सांभाळते. माझ्यापायी तुला जावं लागून राहिलं, एवढं तरी करू दे."

नको म्हनायला माझ्याजवळ तोंड न्हवतं. पोरगी माझ्या पदराकडं हात करून रडत होती. मुकादमाचा ट्रक निघाला, अन् वेशीपर्यंतच माझी चोळी दुधानं भिजली.