सील मी तोडलं

"रक्तातच आहे की रे तुझ्या! घे आरी, टोच चामडं." साहेब म्हणाला आणि गोदामातली सगळी माणसं हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

मीना अब्दुल्ला भागातलं गोदाम. साहेब मराठीच. पहिल्या दिवशी त्याने आडनाव विचारलं, मग गाव, मग वाडी. आमच्या कोकणात वाडीच्या नावातच जात कळते. दुसऱ्या दिवशी माझा चहाचा कप वेगळा झाला. कुवेतमध्ये!

त्या दिवशीचा माल इथिओपियाचा. एका बाईच्या छोट्या कंपनीच्या चामडी बॅगा, इथून पुढे युरोपला जायच्या. गरीब देशाचा माल म्हणून तिकडे जकात माफ. अट अशी की वाटेत मालाला हात लागता कामा नये, कस्टमचं सील शाबूत पाहिजे. साहेबाला सगळं ठाऊक होतं. तरी म्हणाला, गिऱ्हाइकाला चकाकी हवी, पट्टे बदल. मी सील तोडलं. तिथल्या बायकांचे टाके उसवले, माझे घातले. बापाने शिकवलेले, चांभारकीचे.

युरोपात माफी नाकारली गेली. जकात भरावी लागणार म्हणून गिऱ्हाईकही फिरलं. बाई स्वतः गोदामात आली. बॅग उचलून माझ्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"कोणी केलं हे?" तिने इंग्रजीत विचारलं.

साहेबाने मला पुढे ढकललं. "हा. अडाणी आहे. न विचारता केलं."

माझा इकामा, इथे राहायचा परवाना, त्याच्या हातात होता. बाई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्याकडच्या बायकांना काय सांगू?"

ते बोट जात नाही. घास उचलतो, तेव्हा येतं. शर्टाचं बटण लावतो, तेव्हाही. स्वतःच्याच हातांची भीती वाटते.

गेल्या आठवड्यात घानाच्या एका कंपनीचा माल आला. साहेबाने आरी पुढे केली. "चल, तुझं खानदानी काम."

"नाही."

"काय म्हणालास?"

"सील तोडणार नाही. मागचं तुम्ही तोडायला लावलंत, तेही त्या बाईला लिहून पाठवलंय."

"परत गावाला धाडीन तुला!"

"धाडा. तिकडूनही साक्ष देईन."

त्या कागदाखाली मी पूर्ण नाव लिहिलंय. आडनाव लिहिलंय, गाव लिहिलंय. वाडीसुद्धा.