माझ्यामागून म्हणा

"माझ्यामागून म्हणा," असं मी म्हणालो आणि अर्धा वर्ग उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"हे काय रे?"

"तुमीच त म्हनलं जी, मांगून म्हना," रहमान म्हणाला. हा पिंजाऱ्याचा मुलगा म्हणजे वर्गाचा वकील.

"आणि बसलेले का गप्प?"

"आमी मांगून म्हनू ना गुरुजी. तुमी घरी गेल्यावर."

वऱ्हाडात 'मांगून' म्हणजे पाठीमागून, आणि नंतर, सवडीनेही. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात 'वर्गास सूचना देणे' या विषयात माझा पहिला नंबर होता. साखरखेर्ड्याजवळच्या त्या खेड्यात पहिल्याच आठवड्यात तो धुऊन गेला.

हेडमास्तर इथलेच. पान जमवत म्हणाले, "मास्तर, सोमवारी डिप्टीसाहेब येऊन राह्यले. पोट्ट्यायले एकच गोष्ट सांगा, पण साफ सांगा."

डिप्टीसाहेब म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. मला कायम करायचं की नाही, ते तेच ठरवणार. आणि मुहूर्त ठरला असला, तरी कायम झाल्याशिवाय लग्न नाही, असं माझ्या भावी सासऱ्यांनी बजावलं होतं.

मी साफ सांगितलं, "मी बोलेन तेच तुम्ही बोलायचं. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही." कविता अशी घोटून घेतली की मी स्वतःवरच खूश झालो. हे कधी थांबवायचं, तेवढं सांगायचं राहिलं.

सोमवारी साहेब वर्गात आले.

"उभे राहा," मी म्हणालो.

"उभे राहा!" वर्ग गरजला. बसूनच.

"अरे, उठा!"

"अरे, उठा!"

साहेबांनी चष्मा काढला. "मास्तर, हा काय तमाशा आहे?"

"माफ करा साहेब, मुलं जरा बावळट आहेत."

"माफ करा साहेब, मुलं जरा बावळट आहेत!"

"तुम्ही गप्प बसा. मी बघतो." साहेब मुलांकडे वळले. "कविता कोण म्हणेल?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. शेवटी रहमान उठला. "गुरुजी बोलल्याबिगर आमाले बोलाचं नाही जी."

"मास्तर, सांगा त्यांना!"

"मुलांनो, आता माझं बोलणं म्हणू नका."

"मुलांनो, आता माझं बोलणं म्हणू नका!"

"गेली नोकरी," मी पुटपुटलो.

"गेली नोकरी!" हे मात्र त्यांनी अगदी चालीवर म्हटलं.

मला एकच सुचलं. बाहेर धावलो आणि सुट्टीची घंटा बडवली. वर्ग क्षणात रिकामा झाला. साहेब दाराशीच होते. त्यांचा फेटा पोरांबरोबर अंगणापर्यंत गेला.

फेटा झटकत ते हेडमास्तरांना म्हणाले, "या शाळेत स्पष्ट सूचना फक्त ही घंटा देते. तिला कायम करा. मास्तरांचं पुढच्या वर्षी बघू."

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला म्हटलं, "कविता म्हणताना मी एक ओळ म्हणून थांबलो, की ती तुम्ही म्हणायची. एरवी मी बोललो, की ऐकायचं."

"हाव जी," रहमान म्हणाला. "असं पयलेच काऊन नाही सांगतलं?"

सूचना कुठे सुरू होते हे कोणीही सांगतो. ती कुठे संपते, हे सांगण्याचा पगार असतो.

भावी सासऱ्यांना मी कळवलं, "लग्न मागून करू." त्यांनी ते ठरल्या मुहूर्तावरच केलं. जावई तेवढा दुसरा निवडला.